स्ट्रायकरला पॉलिश करताना क्रम कुठे चुकतो

गणपतीला चाकरमानी गावी आले की पडवीत कॅरम मांडला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "स्ट्रायकर अडकता हा रे, जरा पॉलिश मार." मग पॉलिश म्हणून हाताला लागेल ते बाहेर येतं: गाडीचं वॅक्स, डॅशबोर्डचा स्प्रे, कपाटाचं पॉलिश, समया घासायला आणलेली डबी. स्ट्रायकर आरशासारखा चकाकतो, एखादा गेम झकास जातो आणि त्यानंतर बोर्डवर पावडरीचे गोळे व्हायला लागतात. दोष पावडरीला दिला जातो, पावसाळी हवेला दिला जातो. खरं तर स्ट्रायकरवर चढलेला मेणाचा थर बोर्डवर उतरलेला असतो.

हा लेख ॲक्रिलिकच्या स्ट्रायकरसाठी आहे. बाजारात मिळणारे बहुतेक स्ट्रायकर याच जातीचे असतात. काम तासाभराचं आहे, पण सामन्याच्या आदल्या रात्री करायचं नाही. नव्याने पॉलिश केलेल्या स्ट्रायकरची चाल बदलते आणि हाताला ती सवय व्हायला चार-पाच दिवस लागतात.

सुरुवातीआधी: "पॉलिश" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू

निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून हे नीट समजून घ्या.

पहिली वस्तू म्हणजे रबिंग कंपाउंड. डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती घट्ट पेस्ट. तिच्यात बारीक कण असतात आणि ती पृष्ठभाग प्रत्यक्ष घासते. दुसरी वस्तू म्हणजे खरं कार पॉलिश. त्यातही कण असतात, पण खूप बारीक, आणि सोबत थोडं तेल. तिसरी वस्तू म्हणजे वॅक्स, डॅशबोर्ड स्प्रे, टायर शायनर आणि फर्निचर स्प्रे हे सगळं कुटुंब. यातल्या बहुतेकांत घासणारे कण नसतातच. ते मेणाचा नाहीतर सिलिकॉनचा थर चढवतात. चरे बुजल्यासारखे दिसतात, पण ते जातात कुठे? थराखाली तसेच असतात.

स्ट्रायकरला पहिल्या दोन वस्तू चालतात. तिसरी अजिबात नाही. काही बाटल्यांवर "पॉलिश अँड वॅक्स" असं एकत्र लिहिलेलं असतं, त्याही नकोत. दुकानात शंका आली तर चिमूटभर पेस्ट दोन बोटांत चोळून पाहा. कंपाउंड किंचित खरखरीत, पिठूळ लागतं. वॅक्स नुसतं बुळबुळीत.

१. साहित्य जमवा

- वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबर, प्रत्येकी एक. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. लाकडाचा पिवळा-तपकिरी पेपर आणू नका, तो पाण्यात सुटतो.
- काचेचा सपाट तुकडा, साधारण एक फूट बाय एक फूट, जाडी ५ ते ८ मिलिमीटर. काचवाल्याकडे उरलेला तुकडा मिळतो. काठाची धार घासून बोथट करून घ्या.
- रबिंग कंपाउंडची लहान डबी आणि जमलं तर बारीक कार पॉलिश.
- जुना, मऊ झालेला सुती बनियन, शिवणी कापून केलेले चार तुकडे. टेरिकॉट नको.
- भांडी घासायचं लिक्विड, मऊ टूथब्रश, शिसपेन्सिल, रबरी चपलेचा कापलेला तुकडा.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा आणि जाडी-व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. काटा नसेल तर गावातल्या सराफाकडे वजन करून मिळतं. पट्टीने मोजून भागणार नाही.

काचेच्या जागी फरशी चालेल का, असं नेहमी विचारलं जातं. डोळ्याला सपाट दिसणारी फरशी मधे किंचित फुगीर असू शकते आणि ती फुगी स्ट्रायकरच्या तळात उतरते. जांभ्याचा ओटा किंवा शहाबादी तर सोडूनच द्या.

२. स्ट्रायकर तपासा आणि मोजून ठेवा

आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशनच्या नियमांनुसार स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. घासल्याने दोन्ही कमीच होणार, त्यामुळे नियम मोडण्याची भीती नाही. भीती आहे ती हलकेपणाची.

हिशोब असा. ४१.३ मिलिमीटर व्यासाचा, १५ ग्रॅमचा ॲक्रिलिक स्ट्रायकर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्याच्या एका बाजूने ०.१ मिलिमीटर थर काढला की सुमारे ०.१६ ग्रॅम जातो. दोन्ही बाजूंनी तेवढंच काढलं तर ०.३ ग्रॅमच्या वर. हा फरक नेहमी खेळणाऱ्याच्या बोटाला कळतो. म्हणून काम सुरू करण्याआधी वजन आणि चार ठिकाणची जाडी कागदावर लिहून ठेवा.

आता चरे बघा. ट्यूबलाइटखाली स्ट्रायकर तिरका धरा आणि चऱ्यावरून नख आडवं फिरवा.

- नख अडकत नाही, नुसता धुरकटपणा आहे: पेपर लावायचाच नाही. धुवून थेट सहाव्या टप्प्यावर जा.
- नख जेमतेम जाणवतं: १५०० पासून सुरुवात.
- नख अडकतं: १००० पासून.
- नख अडकून थांबतं आणि असे चरे बरेच आहेत: ८०० पासून. पण मधे मधे वजन करत राहा.

एखादाच खोल चरा असेल तर तो पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नका. त्याच्यासाठी सगळा तळ उतरवावा लागतो आणि चाल बिघडवतो तो चरा नव्हे, त्याच्या काठाशी वर आलेली कड. ती कड बसली की खळगा राहिला तरी चालतो.

सावध: कडेपासून आत जाणारी तडा दिसली तर तो स्ट्रायकर बाजूला ठेवा. पॉलिशने तडा बुजत नाही. जोरदार ब्रेक मारताना तुकडा उडू शकतो.

आणखी एक गोष्ट, ही बऱ्याचदा नंतर लक्षात येते. स्ट्रायकरवरचं फूल, चक्र किंवा नाव वरून छापलेलं आहे की आत कोरून रंग भरलेला आहे, ते बघा. नख फिरवून रंगाचा उठाव लागला तर छपाई आहे आणि ती १५०० च्या पेपरवर मिनिटभरात साफ होईल. तसं असेल तर छपाईची बाजू वर ठेवून खेळा आणि फक्त दुसरी बाजू घासा.

३. धुवा, पण पाण्यानेच

कोमट पाणी, लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश. कोरीव नक्षीत बसलेली पावडर ब्रशने काढा. हे टाळून थेट पेपरवर घेतलं तर कडेला चिकटलेला वाळूचा एखादा कण पेपरखाली येतो आणि तुम्ही जितके चरे घालवाल तितके तो नवे पाडतो. किनाऱ्यालगतच्या घरात पायांबरोबर पुळणीची वाळू आत येतेच. ही वाळू ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कठीण असते.

स्टिकरचा चिकटा असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून पाच मिनिटं ठेवा, बोटाने चोळून काढा आणि पुन्हा साबणाने धुवा.

सावध: थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे यातलं काहीही लावू नका. स्ट्रायकर घडवताना प्लॅस्टिकमध्ये ताण राहिलेला असतो. असा द्रव लागला की त्या ताणाला वाट मिळते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. कधी लगेच, कधी दोन-चार दिवसांनी. त्यावर इलाज नाही.

४. तळ सपाट करा

सगळा खेळ या टप्प्यावर आहे. वेळ द्यायचा तो इथे.

काच ओली करा, वॉटर पेपर पाण्यात पाच मिनिटं भिजवा आणि काचेवर पसरा. पाण्याच्या पकडीने तो चिकटून बसतो. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तळहाताने बाहेर ढकला. वर पाण्यात लिक्विडचा एक थेंब टाकून शिंपडा, म्हणजे निघालेला लगदा पेपरात अडकणार नाही.

आधी १५०० वर दोन-तीनदा हलकेच फिरवून तळ मंद करा. चकाकत्या प्लॅस्टिकवर पेन्सिल उठत नाही, मंद केलेल्यावर उठते. मग पेन्सिलने जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा मारा. या रेघा जिथे राहतील तिथे पेपर पोचलेला नाही असं समजायचं.

आता ठरलेल्या पहिल्या नंबरचा पेपर घ्या. स्ट्रायकर मधोमध दोन बोटांनी दाबा. अंगठा आणि अनामिका कडेला फक्त आधारापुरती. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा. दहा फेऱ्या झाल्या की स्ट्रायकर हातात पाव फिरवा आणि पुढच्या दहा. चार वेळा पाव-पाव फिरवून झाला की एक आवर्तन. मग धुवून, पुसून, उजेडात बघा.

हे पाव फिरवणं कंटाळवाणं वाटतं म्हणून सोडलं जातं. माणसाच्या हाताचा दाब कधीच सगळीकडे सारखा नसतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जास्त पडतो. न फिरवता घासलं तर शंभर फेऱ्यांत ती बाजू पातळ होते. असा स्ट्रायकर सरळ मारला तरी किंचित वळतो आणि खेळणारा बोर्डच्या पाटाला दोष देत बसतो.

दाब किती? पेपरवरून ओढताना सर्रसर्र असा एकसारखा आवाज यावा. आवाज जड झाला किंवा स्ट्रायकर चिकटल्यासारखा वाटला तर पाणी कमी आहे. दाब वाढवून काम लवकर होत नाही, चरे खोल पडतात.

तपासा: पेन्सिलच्या रेघा सगळीकडून सारख्या जायला हव्यात. मधे रेघा राहिल्या आणि कडेच्या गेल्या तर तळ मधे खोलगट आहे. वापरलेल्या स्ट्रायकरमध्ये हे दिसतं आणि थोडी खोलगी चालते. उलट कडेच्या राहिल्या आणि मधल्या गेल्या तर तळ फुगीर आहे. तो भोवऱ्यासारखा फिरतो आणि डोलतो, त्यामुळे कडेपर्यंत रेघा जाईतो त्याच नंबरवर राहा.

एका नंबरवरून दुसऱ्यावर कधी जायचं? आधीच्या नंबरचे ओरखडे एकही दिसत नाहीत तेव्हा. ते ओळखायची युक्ती अशी: नव्या नंबरवर शेवटच्या पाच फेऱ्या आठच्या आकाराऐवजी एकाच दिशेने सरळ ओढा. सगळे ओरखडे त्या एका दिशेत दिसले पाहिजेत. कुठलाही आडवा दिसला तर तो मागच्या नंबरचा.

१००० वरून थेट २००० वर उडी मारू नका. वाचलेली पाच मिनिटं कंपाउंडच्या वेळी अर्ध्या तासाने वसूल होतात. कंपाउंड २००० चे ओरखडे सहज घालवतं, १००० चे घालवताना हात भरून येतो आणि शेवटी ते चकाकीखालून डोकावतातच.

प्रत्येक नंबरनंतर स्ट्रायकर, काच आणि हात तिन्ही धुवा. पाणी बदला. ८०० चा एक कण २००० च्या पेपरवर आला तरी परत मागे जावं लागतं.

दोन्ही बाजू झाल्या की वजन करा. ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त गेलं असेल तर चरे राहिले असले तरी थांबा.

५. कड: कमीत कमी हात लावा

सोंगटीला लागते ती कड. तिचा गोलवा बिघडला तर कट मारताना नेम चुकतो, आणि कुठे बिघडला ते शोधूनही सापडत नाही. त्यामुळे कडेवर ८०० किंवा १००० चा पेपर मुळीच नको.

चपलेच्या रबराच्या तुकड्याला १५०० चा ओला पेपर गुंडाळा. स्ट्रायकर डाव्या हाताच्या बोटांत सावकाश फिरवत राहा आणि पेपर कडेवर हलका टेकवा. पूर्ण वीस फेरे. एका जागी थांबायचं नाही, "इथे जरा जास्त लागलंय" म्हणून तेवढंच घासायचं नाही. मग २००० चे वीस फेरे.

तळ घासल्याने कडेचा मूळचा किंचित गोल कोपरा धारदार होतो. अशी धार बोर्डला ओरखडते आणि स्वतःही टवके उडवून घेते. ती मारण्यासाठी २००० चा पेपर तळहातावर ठेवा, स्ट्रायकर ४५ अंशात तिरका धरा आणि हलक्या हाताने पूर्ण तीन फेरे द्या. बोट फिरवल्यावर धार टोचू नये, इतकंच. तीनचे तेरा केले तर कोपरा इतका गोल होतो की स्ट्रायकर सोंगटीवर चढू लागतो.

तपासा: कॅलिपरने सहा ठिकाणी व्यास मोजा. ०.०५ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर ठीक.

ड्रिल मशीनला दुहेरी टेपने चिकटवून गरगर फिरवायचा मोह होतो. ॲक्रिलिक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि कोरड्या घर्षणाने कडेचा पातळ थर तेवढा तापायला काही सेकंद पुरतात. लगदा होऊन ओघळतो आणि गार झाल्यावर तो उंचवटा बनून बसतो. हातानेच करा.

६. रबिंग कंपाउंड

इथे नेहमीची चूक म्हणजे स्ट्रायकर हातात धरून फडक्याने चोळणं. फडकं बोटांखाली मऊ असतं, ते कडेला जास्त घासतं आणि मधे कमी. चौथ्या टप्प्यात कमावलेली सपाटी इथे जाते.

पद्धत उलटी करा. बनियनचा एक थर काचेवर ताणून पसरा आणि कडा काचेखाली दुमडून टेपने पक्क्या करा. त्यावर कुळथाच्या दोन दाण्यांएवढं कंपाउंड घ्या आणि पाण्याचे तीन-चार थेंब टाका. मग स्ट्रायकर त्यावर आठच्या आकारात फिरवा, पेपरवर फिरवला तसाच, पाव-पाव वळवत. एका बाजूला तीन ते चार मिनिटं.

पहिल्या मिनिटात काही फरक दिसणार नाही. कापड कंपाउंडने भिजून थोडं कोरडं पडायला लागतं तेव्हा खरी घासाई सुरू होते. सुरुवातीला दिसत नाही म्हणून आणखी कंपाउंड ओतलं तर स्ट्रायकर लगद्यावर तरंगतो आणि घासला जातच नाही. अगदी कोरडं पडू लागलं, खेच जाणवली, की दोन थेंब पाणी टाका.

स्ट्रायकर बोटाला कोमट लागला तर मिनिटभर थांबा.

कडेसाठी मात्र फडकं हातात घ्यावंच लागतं. चिमूटभर कंपाउंड, पन्नास फेरे, स्ट्रायकर सतत फिरता.

तपासा: धुवून, पुसून, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तळावर बघा. नळीच्या कडा स्वच्छ, सरळ दिसायला हव्यात. धुरकट दिसल्या तर आणखी दोन मिनिटं. नळी वाकडी दिसली तर तळ सपाट नाही, आणि मग परत १५०० वर जाण्याशिवाय गत्यंतर नाही.

७. बारीक पॉलिश, आणि घरातले पर्याय

कापडाचा नवा तुकडा ताणा. कंपाउंडचंच कापड वापरलं तर या टप्प्याचा काही उपयोग नाही. कुळथाच्या एका दाण्याएवढं कार पॉलिश, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं, दाब जवळजवळ नाही.

कार पॉलिश नसेल तर साधी पांढरी टूथपेस्ट. रंगीत, पारदर्शक जेल नको, त्याची घासाई बेभरवशाची. पांढरीसुद्धा सौम्यच असते. ती २००० चे ओरखडे घालवणार नाही, कंपाउंडनंतरची धुरी तेवढी घालवेल आणि कार पॉलिशच्या दुप्पट वेळ घेईल. वासाची म्हणाल तर स्ट्रायकरला दोन दिवस पुदिन्याचा वास येतो, त्याला इलाज नाही.

पितळेचं पॉलिश? ते उत्तम घासतं यात वाद नाही, आणि ॲक्रिलिकवर चकाकीही चांगली आणतं. पण त्यात कणांबरोबर तीव्र वासाचे द्रव असतात. ताण राहिलेल्या स्ट्रायकरला, विशेषतः कडेला, ते धोक्याचे. दुसरं काही नसेल तर तळावर मिनिटभर, उघड्या खिडकीशी, आणि लगेच साबणाने धुवायचं. लावून वाळवत ठेवणं, भांड्यांना करतो तसं, इथे चालत नाही.

खाण्याचा सोडा खरखरीत पडतो. भांडी घासायची पावडर आणि राख तर स्ट्रायकरला २००० वरून थेट ६०० वर नेऊन सोडतात. खोबरेल तेलाने क्षणभर चमक येते आणि ती बोर्डवर डाग म्हणून उतरते.

८. सगळा अंश काढा

कंपाउंड आणि कार पॉलिश दोन्हींत तेलकट भाग असतो. तो राहिला तर वॅक्स लावल्यासारखाच परिणाम.

कोमट पाणी आणि लिक्विड, ब्रशने नक्षी आणि कड. खळखळून धुवा. पुन्हा तेच. मग शेवटचं पाणी पिण्याच्या पाण्याचं. समुद्रालगतच्या पुष्कळ विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि ते वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पंख्याखाली अर्धा तास ठेवा. उन्हात नाही, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच.

तपासा: कोरड्या तळावर बोर्डची पावडर चिमूटभर भुरभुरा, स्ट्रायकर उभा करून टिचकी मारा आणि फुंकर घाला. पावडर सगळीकडून सारखी उडाली पाहिजे. बोटांच्या ठशांसारखे किंवा वर्तुळासारखे ठिगळ राहिले तर तिथे तेल आहे. पुन्हा धुवा. ही परीक्षा न करता स्ट्रायकर बोर्डवर ठेवू नका, कारण स्ट्रायकर धुता येतो, बोर्ड नाही.

९. काचेवर आणि मग बोर्डवर

आधी काचेवर. वर्तमानपत्राच्या चार बारीक पट्ट्या कापा, काचेवर अधिकच्या चिन्हासारख्या ठेवा आणि त्यांच्या टोकांवर स्ट्रायकर बसवा, म्हणजे प्रत्येक पट्टीचं टोक कडेखाली येईल. एकेक पट्टी हळूच ओढा. चारही सारख्याच ओढीने निघाल्या तर तळ बसलाय. एखादी सुळकन निघाली तर त्या बाजूला उंच आहे. दुसरी बाजूही अशीच. मग चार ठिकाणची जाडी मोजून सुरुवातीच्या कागदाशी ताडून बघा.

आता बोर्ड. कोरड्या फडक्याने जुनी पावडर पुसा, नवी थोडी टाका. मधल्या वर्तुळात स्ट्रायकर टिचकीने फिरवा: डोलला नाही पाहिजे. मग बेसलाइनवरून समोरच्या फ्रेमवर सरळ मारा, दहा वेळा. परत येताना सतत एकाच बाजूला वळत असेल तर स्ट्रायकर हातात अर्धा फिरवून पुन्हा मारा. वळणही फिरलं तर दोष स्ट्रायकरचा. तसंच राहिलं तर बोर्ड त्या बाजूला उतरता आहे, खाली घडी केलेला कागद सारा.

बोर्डच्या गुळगुळीतपणाचा नियमांतला मापदंड असा: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला तर त्याने साडेतीन वेळा या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत जावं. घरच्या बोर्डवर, आषाढ-श्रावणात, हे होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पण तोच बोर्ड, तीच पावडर आणि तोच हात असताना पॉलिशच्या आधी किती फेऱ्या होत होत्या आणि आता किती, हे मोजता येतं. कमी झाल्या तर आठव्या टप्प्यात काहीतरी राहिलंय.

पॉलिश जिथे लावायचं नाही

बोर्डवर. कुठलंच नाही. फर्निचर स्प्रे मारलेल्या बोर्डवर पावडर रवाळ होऊन चिकटते आणि वरचा थर तासून काढल्याशिवाय तो ताळ्यावर येत नाही. बोर्ड कोरड्या सुती कापडाने पुसायचा, एवढंच. पावसाळ्यात पडवीतल्या भिंतीला टेकवून ठेवलेला बोर्ड ओल धरतो आणि त्याचा पाट वाकतो. खोलीत, जमिनीपासून वर, आडवा ठेवा.

लाकडी सोंगट्यांवरही नाही. त्यांना पाणीसुद्धा लावू नका, फुगतात. नियमात सोंगटीचं वजन ५ ते ५.५ ग्रॅम आहे, म्हणजे घासायला जागाच नाही. मळल्या असतील तर कोरड्या कापडात घेऊन चोळा, कडेचा टवका उडाला असेल तर तेवढी सोंगटी बदला.

स्ट्रायकर सुती पिशवीत, एकटा ठेवा. सोंगट्यांच्या डब्यात टाकला तर तिथली पावडर आणि कण त्याला रोज थोडं थोडं घासतात. पिशवीत बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी टाकायला हरकत नाही. खेळायला बसण्याआधी स्ट्रायकर बनियनच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी एकदा पुसून घ्या, आणि अंगणातून आलेल्यांना आधी पाय धुवून पुसायला सांगा.